शनिवारचं फ्रूट चाट आणि संध्याकाळची बॅच

आमच्या कॉम्प्युटर क्लासचे किस्से मी हसत हसत सांगते, असं मैत्रिणींना वाटतं. हसते कसली, दातओठ खात असते! दर शनिवारी एक साठायचा. पोटात ठेवून ठेवून आता आंबायला लागलेत.

दोन हजार सालच्या आसपासची गोष्ट. क्लास चालवणाऱ्या सरांनी मुंबईहून रत्नागिरीला येताना सेकंडहँड कॉम्प्युटर आणले आणि फ्रूट चाटची सवय आणली. मी बीएस्सी, वर डिप्लोमा. शिकवायला लागले होते. पहिल्याच शनिवारी माझ्यापुढे पपई, पेरू, केळी आणि सुरी!

"तू चिर. लेडीजच्या हाताला चव असते."

टॅली शिकवणाऱ्या नंदाताई पण लेडीजच. त्या शांतपणे म्हणाल्या, "माझा हात भारी तिखट आहे हो, सर." सुटल्या! मला काही सुचेपर्यंत माझा पेरू चिरून झाला होता.

•

मी फोनच्या रिंगलाही दचकते. आणि सरांना मागून येऊन "झालं काय?" म्हणून ओरडायची खोड. एकदा चाट मसाल्याची अख्खी डबी केळ्यांवर पालथी झाली. सरांना असला ठसका लागला, की डोळ्यांतून पाणी.

आणि सॉरी कोण म्हणालं? मी!

•

मे महिन्यात एका विद्यार्थिनीच्या वडिलांनी पालीच्या बागेतून हापूसची पेटी पाठवली. सर म्हणाले, "चाटमध्ये घाल." मी नको नको म्हणत घातला. नेमके ते बागायतदार स्वतःच टपकले. फोडींवर काळं मीठ आणि मिरची बघून मटकन बसलेच.

"अहो, हापूसला मसाला? हा काय रस्त्यावरचा रायवळ आहे?"

सरांनी माझ्याकडे बोट केलं. "नवीन आहे ती."

त्या बागायतदार काकांनी उरलेली पेटी उचलली आणि घरी नेली.

•

संध्याकाळची बॅच शिकवायचे मी, बोर्डावर नाव सरांचं. माझं नाव कधी लावणार विचारलं, की ठरलेलं उत्तर, "लावू गो. आधी जरा धीट हो."

मी रडकुंडीला आले. नंदाताई म्हणाल्या, "अगो, हातात सुरी असताना तरी घाबरू नको!"

•

मग एका शनिवारी, आमचा क्लास ज्या कंपनीची फ्रँचायझी होता तिच्या हेड ऑफिसच्या मॅडम आल्या. संध्याकाळच्या बॅचला कोणाचं नाव लावायचं, ते त्याच पक्कं करणार होत्या. मी पेरू चिरत होते आणि सर त्यांना सांगत होते, "हिच्या हातचं चाट खाऊन बघा!"

"शिकवते का ही?"

"शिकेल हळूहळू. घाबरते जरा."

तेवढ्यात बॅचमधले मोरेकाका दारात आले. रिटायर झालेले, मोठ्या हौसेने शिकायला यायचे. "बाई, प्रिंट निघत नाहीये. येता काय?"

सर उठले. काका म्हणाले, "तुम्ही नको हो. आम्हाला शिकवतात त्या बाई हव्यात."

मी सुरी सरांच्या हातात दिली. आणि त्यांनी घेतली!

"सर, पपईच्या बिया आधी काढा हां," म्हटलं आणि मी बॅचवर गेले.