अर्ध्या किलोची जोडी

वसुंधराताई मोहित्यांना कुणी "आता वय झालं" असं म्हटलं की त्या आधी म्हणणाऱ्याचं वय विचारतात. तो लहान निघाला तर "मग तुला काय कळतंय?" आणि मोठा निघाला तर "मग तुम्ही कधी थांबताय?" दोन्हीकडून मार ठरलेला, म्हणून आमच्या दांडिया बाजारात सहसा कुणी त्यांच्या वाटेला जात नाही. मी गेलो होतो, आणि तेही चार जणांच्या आड लपून.

ताई एकोणसाठ वर्षांच्या. रावपुऱ्यातल्या एका मुलींच्या शाळेत त्यांनी तीस वर्षं पी.टी. शिकवली. निवृत्त होताना शिट्टी शाळेला परत केली, कारण तिची गरज त्यांच्या घशाला कधी पडलीच नव्हती. आमच्या गल्लीतल्या व्यायामशाळेत सकाळी सहाला बायकांचा वर्ग असतो, तो बावीस वर्षं त्याच चालवताहेत. सुरुवातीला चार बायका होत्या, त्यातल्या दोघी नवऱ्याला देवळात जाते सांगून यायच्या. आज चौतीस आहेत आणि एकही खोटं सांगून येत नाही.

या वर्गाची शान म्हणजे मुद्गल. खाली जाड, मुठीकडे निमुळता असा लाकडी ठोकळा. दोन हातांत दोन धरून डोक्यावरून मागे पाठीवर सोडायचे आणि फिरवून पुढे आणायचे. आमच्याकडे माणूस कितीची जोडी फिरवतो यावर त्याची पत ठरते. ताई नऊ किलोची फिरवायच्या. एकेका हातात नऊ! दसऱ्याला शस्त्रपूजन झालं की प्रत्येक वर्गाच्या शिक्षकाने मारुतीसमोर मोठी जोडी एक्कावन्न वेळा फिरवायची, हा आमचा रिवाज. ज्याला जमणार नाही त्याने वर्ग दुसऱ्याच्या हवाली करायचा. रिवाज काय, नियमच आहे, वहीत लिहिलेला.

गेल्या चैत्रात ताईंचा उजवा खांदा दुखायला लागला. आता आमच्या व्यायामशाळेत दुखण्यावर एकच औषध, घाम. खांदा धरला? दोन फेऱ्या जास्त मार. पाठ धरली? दंड वाढव. आमच्या चार पिढ्या याच औषधावर पोसल्या आहेत आणि त्यातले निम्मे आज वाकडे चालतात, पण ते कुणी मोजलं नाही. ताईंनीही रोजच्या एक्कावन्नच्या पंचाहत्तर फेऱ्या केल्या. आषाढापर्यंत त्यांना फळीवरचा पोह्यांचा डबा काढता येईना आणि उजव्या कुशीवर निजता येईना.

मोठ्या डॉक्टरांनी एमआरआय काढला. एक स्नायू झिजलाय आणि थोडा फाटलाय, म्हणाले. "आता मुद्गल-बिद्गल विसरा. भजन करा."

"भजनाला टाळ लागतात, आणि टाळांना खांदा," असं म्हणून ताई फाइल उचलून बाहेर पडल्या.

त्या पोहोचल्या प्राचीकडे. प्राची पटेल ही फिजिओथेरपिस्ट, वय असेल अठ्ठावीस. रावपुऱ्यात चष्म्याच्या दुकानावर तिचं क्लिनिक. तिथे काय घडलं ते ताईंनी आम्हाला इतक्या वेळा साभिनय सांगितलंय की मीच तिथे हजर होतो असं वाटतं.

"केटला वखतथी दुखे छे?" प्राचीने गुजरातीत विचारलं, किती दिवसांपासून दुखतंय.

"त्रण महिना."

"त्रण महिनाथी दुखे छे, ने तमे नव किलो फेरवो छो?" तीन महिने दुखतंय आणि नऊ किलो फिरवता, हे ऐकून ती उभीच राहिली. मग तिने ताईंच्या हातात एक हलकी काठी दिली आणि म्हणाली, फिरवून दाखवा. पाठीमागे जाऊन तिने पाहिलं, मोबाइलवर व्हिडिओ काढला आणि ताईंनाच दाखवला. हात वर जाताना ताईंचा खांदा कानाकडे उचलला जात होता. पाठीवरचं खांद्याचं पातं फिरायला हवं तसं फिरत नव्हतं.

बावीस वर्षं दुसऱ्यांची पाठ तपासणाऱ्या बाईने स्वतःची पाठ त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. त्यांना राग आला. प्राचीचा नाही, स्वतःचा.

प्राचीने समजावलं. खांद्याचा गोळा उथळ खोबणीत बसतो आणि त्याला जागेवर धरून ठेवतात ते चार छोटे स्नायू. ताईंनी दंडाचे, छातीचे दांडगे स्नायू वाढवले, या चौघांना मात्र कधी काही दिलंच नाही. मुद्गल वाईट नाही, ती म्हणाली. खांद्याला त्याच्यासारखा दुसरा व्यायाम मिळणार नाही. पण आधी हे चौघे. टॉवेलची गुंडाळी काखेत धरायची, कोपर अंगाला टेकलेलं ठेवायचं आणि खिडकीच्या गजाला बांधलेला रबरी पट्टा बाहेरच्या बाजूला ओढायचा. भिंतीवर बोटांनी चढायचं. पाठीची पाती मागे मिटायची. दुखणं दहापैकी तीनच्या वर गेलं की तिथेच थांबायचं. आणि पाच आठवड्यांनी मुद्गल.

"किती किलोचे?" ताईंनी उत्साहाने विचारलं.

"अडधो."

अर्ध्या किलोची जोडी आमच्याकडे आहे. लाल-पिवळ्या रंगाची. उन्हाळी शिबिरात सहा वर्षांच्या पोरांना देतात.

श्रावणात एके सकाळी ताई ती लाल-पिवळी जोडी घेऊन वर्गासमोर उभ्या राहिल्या. चौतीस बायका बघत राहिल्या. "हसायचं असेल तर आता हसून घ्या," ताई म्हणाल्या, "नंतर श्वास लागेल." कुणी हसलं नाही. मग त्यांनी विचारलं, "तुमच्यापैकी किती जणींचा खांदा दुखतो? खरं सांगायचं." आधी एक बोलली, मग दुसरी. एकोणीस निघाल्या! एकोणीस जणी रोज येऊन, दात दाबून, घाम काढून जात होत्या. त्या दिवसापासून वर्गाचा पहिला पाव तास टॉवेल आणि रबरी पट्ट्याचा झाला. दोन आठवडे दुखल्याशिवाय गेले तरच पुढचं वजन. प्राची दर शनिवारी येऊन प्रत्येकीची पाठ बघून जायची, आणि परत जाताना ताईंकडून मुद्गलाचे हात शिकून जायची.

पुरुषांच्या बाजूला या वर्गाचं नाव पडलं, टॉवेल मंडळ. ते ठेवलं आमचे अध्यक्ष मानसिंगराव यांनी. चौऱ्याहत्तर वर्षांचे, एकेकाळचे गाजलेले पैलवान, मिशा अजून ताठ. "उद्या पाळणे बांधा," म्हणाले. सगळे हसले.

मी हसलो नाही. मी चांगला होतो म्हणून नव्हे. माझाच उजवा खांदा अडीच वर्षांपासून धरलेला होता आणि ते माझ्या बायकोशिवाय कुणालाही ठाऊक नव्हतं. सदरा घालताना आधी उजवी बाही चढवायची, मग उरलेला सदरा तिने ओढून द्यायचा. मी, लक्ष्मीकांत, कार्यकारिणीचा सभासद, जन्मभर जोर काढलेला माणूस! मी हे कुणाला सांगणार? दुखणं सांगणं म्हणजे आमच्याकडे नापास झाल्याचं सांगणं.

दसरा आला. पूजा झाली, आपट्याची पानं वाटली गेली. शिक्षक एकेक करून मारुतीपुढे आले. ताईंचं नाव पुकारलं तेव्हा त्या पुढे झाल्या, नऊ किलोच्या जोडीला वाकून नमस्कार केला आणि पिशवीतून लाल-पिवळी जोडी काढली.

गर्दीत कुजबुज झाली. मानसिंगराव म्हणाले, "वसुताई, मारुतीची थट्टा करता काय? एकदा तरी मोठी उचला. एकदा उचलायला काय जातं?"

"खांदा जातो," ताई म्हणाल्या. "प्राचीने देवदिवाळीपर्यंत नाही सांगितलंय. मारुतीला घाई नाही, तुम्हालाच दिसतेय."

आणि त्यांनी एक्कावन्न फेऱ्या मारल्या. घाईने नाही, मोजून. हात कानाजवळून वर जायचा, पातं पाठीवर नीट सरकायचं, मुद्गल मागे सुटायचा आणि पुढे यायचा. इतका स्वच्छ हात मी त्यांचाही कधी पाहिला नव्हता. नऊ किलो फिरवताना त्यांच्या चेहऱ्यावरचा जोर दिसायचा. त्या दिवशी हाताचं काम दिसलं. शेवटच्या फेरीनंतर चौतीस बायकांनी टाळ्या वाजवल्या.

पुढच्याच रविवारी सभा लागली. विषय एकच, ताईंचा वर्ग काढून घेणे. आदल्या दिवशी मानसिंगराव माझ्या घरी चहाला आले आणि म्हणाले, "लक्ष्मीकांत, तुझा हात आपल्या बाजूला धरतो हं." मी मान हलवली. माझ्या घरात, माझा चहा पीत असलेल्या माणसाला नाही म्हणायची माझी हिंमत झाली नाही. हे मी अभिमानाने सांगत नाही.

आम्ही पाच जण टेबलामागे बसलो. मानसिंगराव, चिटणीस दत्तात्रेय, विश्वासराव, बाळकृष्ण आणि मी. समोर खुर्चीवर ताई. दारात बायका उभ्या.

मानसिंगरावांनी नियमांची जुनी वही उघडली आणि वाचलं, "जो शिक्षक विजयादशमीस मोठी जोडी फिरवू शकणार नाही, त्याने वर्ग सोडावा." वही मिटत म्हणाले, "आमचं वैर नाही, ताई. नियम आहे. शिकवणाऱ्याचा हात मजबूत पाहिजे. बायकांना तुम्ही दुखणं बोलायला शिकवताय. उद्या सगळी व्यायामशाळा कण्हत बसेल."

"कण्हत बसलेलीच आहे," ताई म्हणाल्या. "फक्त तोंड मिटून. तीन महिने मीही तेच केलं आणि स्नायू फाडून घेतला. माझ्या बायका आता बोलतात, म्हणून त्यांचे खांदे वाचतायत. एकोणीसपैकी चौदा जणींचं दुखणं थांबलंय. ठीक आहे, नियम म्हणता ना? मग त्याच पानावरचा शेवटचा नियमही वाचा."

मानसिंगरावांनी वही दत्तात्रेयाकडे सरकवली. त्याने वाचलं, "सभेत मत देणाराने उभे राहून, उजवा हात कोपरात न वाकविता, सरळ वर करावा. अर्धवट हात मत म्हणून धरू नये."

आम्ही आजवर बसल्या बसल्या पेन हलवून ठराव पास करत आलो होतो. ताई उठल्या आणि शाळेच्या मैदानावर उभ्या राहायच्या तशा आमच्यासमोर उभ्या राहिल्या. "चला. उभे राहा. ज्याला माझा वर्ग काढून घ्यायचाय त्याने हात वर. कोपर सरळ, दंड कानापाशी."

आम्ही उभे राहिलो. त्या आवाजाला न उठण्याची सोयच नव्हती. पाचांत तीन मतं हवी होती.

बाळकृष्णाचा हात सरळ वर गेला; तो पंचेचाळीसचा आहे. दत्तात्रेयाचाही गेला, थोडं तोंड वाकडं होऊन. विश्वासरावांचा खांद्यापर्यंत आला, मग त्यांनी कमरेतून एका बाजूला वाकून तो वर गेल्यासारखं केलं. "झुकू नका," ताई म्हणाल्या, "हात वर करायचाय, तुम्ही खाली चाललात." दारात खसखस पिकली. विश्वासराव लाल होऊन बसले.

मानसिंगरावांचा हात छातीच्या वर येऊन थांबला. त्यांनी श्वास रोखला आणि पुन्हा रेटला. कपाळावर घाम आला. मग डाव्या हाताने कोपर धरून ते उजवा हात वर ढकलायला लागले, आणि त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला तो ऐकून दारातलं हसणं बंद झालं.

ताई दोन ढांगांत त्यांच्याजवळ गेल्या. "सोडा, मानसिंगराव. ढकलू नका, फाटेल." त्यांनी एक हात कोपराखाली धरला, दुसरा मनगटाला, आणि तो हात हळूहळू खाली आणला. मानसिंगरावांनी आणू दिला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, ते दुखण्याचं की कशाचं ते मी विचारणार नाही.

दोन मतं झाली होती. राहिलो मी. मानसिंगराव खुर्चीत टेकले आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, "लक्ष्मीकांत, हात."

सगळे माझ्याकडे बघत होते. चहाच्या कपावर दिलेला शब्द मला आठवत होता. आणि कोण जाणे कुठून, मला भयंकर राग आला. त्या वहीचा, त्या मिशांचा, अडीच वर्षं चोरासारखा सदरा घालणाऱ्या माझा.

"माझा जात नाही," मी म्हणालो. जरा जास्तच मोठ्याने म्हणालो. "खांदा धरलाय. आणि गेला असता तरी केला नसता!"

दत्तात्रेयाने वहीत ठराव नामंजूर असं लिहिलं. दारातल्या बायका ओरडल्या, कुणीतरी शिट्टी मारली. ताई मात्र तिकडे बघत नव्हत्या. त्या माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"किती दिवस?"

"अडीच वर्षं."

"अडीच वर्षं!" त्यांनी कपाळाला हात लावला. "आणि या असल्या हाताने तुम्ही माझ्याविरुद्ध मत द्यायला आला होतात?"

मी वळलो आणि पाठ त्यांच्यासमोर धरली.