रंग वाळेपर्यंत

भोकरदनकडच्या आमच्या गावात मी अंगणवाडी चालवते. गेल्या वर्षी दिवाळीनंतर एक घर ऊसतोडीला निघालं होतं. धाकटा अंगावर पिणारा, तो जाणारच. चार वर्षांच्या पोरीला आजीपाशी ठेवायचं की सोबत न्यायचं, एवढंच ठरायचं होतं. तिची आई म्हणाली, "बाई, तुमच्या इथं रमली तर ठेवतो. म्हातारीच्यानं दिवसभर न्हाई व्हायचं."

पोर दारातच भोकाड पसरायची. मंग मी कोपऱ्यात जुनी साडी बांधून तिला घर करून दिलं. आत संक्रांतीची उरलेली सुगडं, डब्यांची झाकणं, मूठभर तूर. तिच्या उंचीवर आरसा लावला. आधी ती आत नुसतीच बसायची. एक दिवस तूर निवडता निवडता माझ्यावरच खेकसली, "चपला काढून या!" मी हसून हसून बेजार. आईला वाटलं, जमलं.

नेमकी तेव्हाच आमची अंगणवाडी आदर्श करायची ठरली. साडी सुटली, सुगडं मागच्या पत्र्याखाली गेली. भिंतींवर जिराफ आला, आगगाडी आली. नवी खेळणी प्लास्टिकातच राहिली. मोठे साहेब बघून जाईपर्यंत खोलीला कुलूप, अन् किल्ली ग्रामसेवकाकडं. मी पर्यवेक्षिका मॅडमवर तणतणले, "अहो, पोरांसाठीच आहे ना हे?" त्या म्हणाल्या, "ताई, रंग तर वाळू द्या. पोरांचे हात लागले की सगळा खर्च वाया."

मी व्हरांड्यात साडी बांधून बघितली. वाऱ्यानं उडायची, येणारं-जाणारं डोकवायचं. पोर आत शिरेना. बंद दाराशी बसून रडायची, ती थांबायचीच नाही. आईनं वाट बघितली, पण मुकादमाचा ट्रॅक्टर कुणासाठी थांबत नसतो. पोर गाठोड्यांवर बसून गेली. मी घरी येऊन भाकरी खाल्ली. भाजी कसली होती, आठवत नाही.

मंग साहेब आले. पोरांना आत बसवलं, पुढ्यात खेळणी मांडली. एकानंही हात लावला नाही, इतके दिवस 'हात लावू नका' हेच ऐकलं होतं ना! साहेब म्हणाले, "वा, काय शिस्त आहे!" एरवी मी तोंडावर बोलणारी बाई. पण दात काढायच्या आधी गाल बधिर होतो तसं झालं होतं. राग येईना, रडूही येईना.

दुसऱ्या दिवशी आजी आली. उंबऱ्यातून तिनं जिराफ बघितला. "उघडली का खोली? मंग फोन लावा की. म्हणावं, आणून सोडा पोरीला."

मी लावला. पलीकडून आई म्हणाली, "आता कसं जमल, बाई? धाकट्याच्या झोळीपाशी तीच बसती. म्हणून तर आम्ही दोघं ऊस तोडून राह्यलो."