साहेब तीर्थपुरीहून निघालेत

आमच्या मामांनी जितकी लग्नं लावली, तितकी घनसावंगी तालुक्यातल्या सगळ्या भटजींनी मिळूनही लावली नसतील. मामा आमदार होते, पुढे मंत्री झाले. त्यांनी रस्ते केले, पाणी आणलं, असं लोक सांगतात. पण माझ्या मते त्यांची खरी कारकीर्द घडली ती मांडवात. पत्रिका असो वा नसो, रस्त्याच्या कडेला मांडव दिसला की गाडी थांबलीच पाहिजे. शहागडला एकदा ऐन निवडणुकीत असेच उतरले, थेट माईक हातात घेतला, वधूपित्याचं तोंडभरून कौतुक केलं आणि वर जिलेबी मागून घेतली. तो वधूपिता त्याच निवडणुकीत त्यांच्याविरुद्ध उभा होता. मी कानाशी लागून हे सांगितलं, तर म्हणाले, "म्हाईत हाय मला. पोरगी काय विरोधी पक्षाची असती का?"

मंत्री झाल्यावर तर लग्नं त्यांच्याच घड्याळावर लागू लागली. मुहूर्त टळून गेला तरी माईकवरून पुकारा चालू, "साहेब तीर्थपुरीहून निघालेत!" नवरदेव घामाघूम, भटजी जांभया देतायत. मग मामा रुबाबात यायचे, अक्षता उचलायचे, तेव्हा कुठे मंगलाष्टकं सुरू व्हायची. मलाही मामांचा भारी अभिमान वाटायचा. उपाशी वऱ्हाडाला काय वाटायचं, ते मी कधी विचारलं नाही.

गेल्या निवडणुकीत मामा पडले. "लोकांनी जरा आराम दिला," एवढंच म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी कडक इस्त्री करून लग्नाला हजर! या उन्हाळ्यात घनसावंगीजवळच्या एका लग्नाला मी त्यांना घेऊन निघालो, अर्थात उशिरा. मुहूर्त गेल्याचं मी सांगितलं, तर म्हणाले, "तू गाडी चालव. आपल्याबगर लावतेत का ते?"

पोचलो तेव्हा पंगती उठत होत्या. वधूपिता धावत आला. "साहेब, माफ करा. नवे साहेब येऊस्तोर थांबलो व्हतो. ते आले अन् मंग लावून टाकलं."

मामांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "बिलकुल बराबर केलं! त्यांना अजून धा ठिकाणी जायचं असंल." जोडप्याला आशीर्वाद दिला, पोटभर जेवले, आचाऱ्याचीही विचारपूस केली. गाडीत बसल्यावर मात्र मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. मग म्हणाले, "उद्याच्या लग्नाचा मुहूर्त कितीचा हाय रे?"

इतक्या वर्षांत हे त्यांनी मला पहिल्यांदाच विचारलं. रस्त्यावरची नजर न काढता मी वेळ सांगितली.

"मंग जल्दी निघू," मामा म्हणाले. "बसायला जागा धरावी लागंल."