येथे खून झाला आहे

सोनवणेबाई बीजगणिताच्या वह्या तपासताना चुकीवर फुली मारत नसत. चुकलेल्या ओळीशेजारी लाल शाईने लिहीत, 'येथे खून झाला आहे. प्रेत शोधा.' ज्याची वही, त्याने दुसऱ्या दिवशी पंचनामा लिहून आणायचा. घटनास्थळ: तिसरी ओळ. मयत: दोन एबी. हत्यार: घाई. आरोपी: मी स्वतः. खाली दोन साक्षीदारांच्या सह्या. साक्षीदार म्हणजे ज्यांनी ए आणि बीच्या जागी खरेखुरे आकडे घालून उत्तर जुळत नाही हे पडताळलं, ते. नववी ब च्या भिंतीवर असे पंचनामे सुतळीला चिमट्यांनी टांगलेले असत. एखादा पालक चुकून तिथे डोकावला तर मुलाचं नाव आरोपीच्या रकान्यात बघून दारातच थबकायचा.

बाई गेल्या महिन्यात सटाण्याला वारल्या. शोकसभेत चार शब्द बोला म्हणून मला निरोप होता. मी गुडघ्यांचं कारण सांगितलं. गुडघे ठणठणीत आहेत. पण चार शब्दांत भागणारं नव्हतं, आणि त्यातले दोन माझ्याविषयी निघाले असते.

नाशिक रोडच्या त्या शाळेत मी लागले तेव्हा तिशीला टेकलेली होते. बी.एड.ला पहिला वर्ग, इस्त्रीची साडी, आणि हातात फळ्यावर रेघा मारायची लाकडी मीटरपट्टी. ती पट्टी मी फळ्यापेक्षा मुलांवर जास्त वापरत असे. मुलं मला घाबरतात म्हणजे मी चांगली शिकवते, असा माझा सरळसोट हिशेब होता. आज ती वसुधाबाई समोर आली, तर मी तिला आधी पाणी देईन आणि मग कान धरून बाहेर काढीन.

पहिल्याच दिवशी शिक्षकखोलीत एक धिप्पाड बाई वर्तमानपत्राची गुंडाळी सोडत बसल्या होत्या. आतून कोयता निघाला. मी दाराकडे सरकले.

"घाबरू नको वं," सोनवणेबाई म्हणाल्या. "वर्गविस्तार शिकवायचाय."

त्यांची पद्धत अशी. कुंभाराकडून माती आणायची, लाकडी चौकटीत थापून चौरस लादी करायची आणि ती अर्धवट वाळू द्यायची. लादीची बाजू ए अधिक बी. वर्गाला विचारायचं, हिचा वर्ग किती? अर्धा वर्ग ओरडायचा, ए वर्ग अधिक बी वर्ग. बाई कोयत्याचे दोन घाव घालायच्या, एक उभा, एक आडवा. एक मोठा चौरस, एक छोटा चौरस आणि दोन आयत. दोन्ही चौरस मुलांच्या हातात द्यायच्या. "हे घ्या तुमचं उत्तर." मग उरलेले दोन आयत उचलून मागच्या भिंतीवर असे भिरकावायच्या की पलीकडे माझ्या वर्गातला फळा हलायचा. "आणि हे दोन एबी. तुम्ही मारलेत. उचला आता."

मुलं बाकांखाली शिरून ढेकळं गोळा करायची. दोन एबी विसरलेला मुलगा नववी ब मधून सहसा बाहेर पडत नसे.

समीकरणासाठी त्यांनी पिंपावर फळी आडवी टाकली होती. दोन्हीकडे सारखी मुलं बसवायची. "एकीकडून दोन काढले की दुसरीकडूनही दोन," त्या बजावायच्या, आणि एखादा विसरला की फळी धाडकन आपटायची. गुडघे फुटायचे, ओठ फुटायचे. त्यासाठी टेबलाच्या खणात आयोडीनची बाटली असे. मी मुख्याध्यापकांकडे दोनदा तक्रार केली. पण खरी मेख निराळीच होती. एवढी आदळआपट करणाऱ्या त्या बाईने कधी एका मुलालाही बोट लावलं नव्हतं. "वस्तू फोडायच्या," त्या म्हणत. "माणूस फोडला की त्याचा पंचनामा करायला कोण उरतं?" मला हा टोमणा वाटे. तो होताच.

माझ्या नववी अ मध्ये सुरेखा नावाची मुलगी होती. सुरगाण्याकडची. आईबाप पावसाळा संपला की वीटभट्टीवर जात, म्हणून ती इथे मामाकडे राहून शिकत होती. मामाने सांगून ठेवलं होतं, नववीत नापास झालीस की भट्टीवर. माती थापण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं, म्हणून मधल्या सुट्टीत ती सोनवणेबाईंच्या लाद्या करून द्यायची. माझी विद्यार्थिनी, आणि कोपरापर्यंत माती त्यांच्या वर्गाची! हे मला झोंबायचं.

वार्षिक परीक्षेला आठ दिवस उरले होते. मी सुरेखाला फळ्यावर बोलावलं. तिने लिहिलं, ए वर्ग अधिक बी वर्ग. मग स्वतःच थांबली, जीभ चावली आणि म्हणाली, "बाई, खून झाला."

वर्ग खदखदून हसला. मला वाटलं मलाच हसला. मी तिला बोटं बाकावर ठेवायला लावली आणि पट्टी सपाट न धरता कडेवर उभी धरून मारली. एकदा. मग पुन्हा एकदा. दुसऱ्या वेळी आवाज निराळा आला, ओली काडी मोडल्यासारखा. सुरेखा ओरडली नाही. तिने तोंड उघडलं, पण आवाजच आला नाही.

भिंतीपलीकडची आदळआपट थांबली. सोनवणेबाई दारात आल्या. त्यांनी सुरेखाचा उजवा हात मातीच्या हातांत घेतला आणि दोन बोटं नुसती पाहिली.

"हाई काय करी टाकं तू?" त्या मला म्हणाल्या, आणि फाडकन माझ्या मुस्कटात दिली. माझा चष्मा उडून पहिल्या बाकाखाली गेला. चोपन्न मुलं बघत होती.

डॉक्टरांनी प्लॅस्टर घातलं. शाळेत मार बसला म्हटलं की घरी दुसरा मिळे, म्हणून सुरेखाने मामाला सांगितलं, "पडले." हे मला कळलं, आणि माझ्या बी.एड.च्या डोक्याने लगेच सूत्र मांडलं. मी लेखी तक्रार दिली. सहशिक्षिकेने वर्गासमोर मारहाण केली. विद्यार्थिनीची बोटं त्यांच्या धोकादायक फळीवरून पडून मोडली. त्याबद्दल मी जाब विचारला, याचा त्यांना राग आला. अक्षर माझं फार सुंदर होतं.

चौकशी समिती बसली. दोन शिक्षिकांची उलटसुलट जबानी झाल्याशिवाय मुलांना विचारण्याची पद्धत तेव्हा नव्हती.

"वसुधाबाईंना मारलंत?"

"मारलं."

"का?"

"राग आला."

त्यापुढे सोनवणेबाई एक अक्षर बोलल्या नाहीत. बाहेर जिन्यात मीच त्यांना गाठलं. "तुम्ही सांगितलं का नाही?"

"मी सांगितलं की सुरेखाला साक्षीला उभं करतील. मामा म्हणेल, भानगड नको, चल गावाला. परीक्षा बुडाली की पोरगी भट्टीवर गेली." त्या एक पायरी खाली उतरल्या, तरी माझ्याहून उंचच. "तू सांगितलंस तर तिला उभं राहावं लागत नाही. लिही तुझा पंचनामा. दोनच ओळी लागतील."

"विचार करते," मी म्हणाले. आणि घरी जाताना नवा चष्मा करायला टाकून आले.

बाईंना वर्ग घ्यायला बंदी झाली. मस्टरवर सही करून त्या सायकलस्टँडच्या पत्र्याखाली बसत. रोज शाळा सुटली की सुरेखा तिथे जाई. मी वरच्या खिडकीतून बघत असे. उजवा हात गळ्यात अडकवलेला, डाव्या हातात कोयता. घाव वाकडा पडे, लादीच्या ठिकऱ्या होत, बाई दुसरी लादी पुढे सरकवत. चौथ्या दिवशी दोन सरळ घाव पडले. मग लादी बाजूला ठेवून बाईंनी तिच्या डाव्या हातात पेन्सिल दिली.

सुरेखाने सगळे पेपर डाव्या हाताने लिहिले. बीजगणिताचा पेपर माझ्याकडेच तपासायला आला. अक्षरं मुंग्या चिरडल्यासारखी, पण दोन एबी जिवंत होते. ती पास झाली.

सोनवणेबाईंना मात्र काढलं. त्या सटाण्याकडच्या एका खेड्यातल्या शाळेत गेल्या. जूनमध्ये मला कायम केल्याचं पत्र मिळालं, आणि ते कपाटात कुलूपबंद केल्यावर माझी सदसद्विवेकबुद्धी जागी झाली. तिची वेळ चुकत नसे. मी मुख्याध्यापकांना खरं सांगितलं. ते म्हणाले, "आता जुनं उकरून काय करायचं, बाई?" मी सुटकेचा निःश्वास सोडला, हेही लिहूनच टाकते.

मग रविवारी एसटीने सटाण्याला गेले. बाई ओट्यावर डाळिंब फोडत होत्या. मी रडत रडत सगळं सांगितलं, माफी मागितली. त्यांनी ऐकून घेतलं, डाळिंब दोन हातांनी पिळवटून उकललं आणि अर्धं माझ्यापुढे ठेवलं.

"मला कशाला सांगते? माझं काय मोडलं होतं?"

"तुमची नोकरी..."

"नोकरी आहे की मला. इथल्या शाळेची भिंत तर जास्त जाड आहे." त्यांच्या बोटांवरून लाल रस ओघळत होता. "जिचं मोडलं तिला सांगितलंस? आणि ज्यांच्यासमोर मोडलंस त्यांना?"

सोमवारी मी दहावी अ च्या वर्गात गेले. तीच चोपन्न मुलं. हजेरी घेतली नाही. म्हणाले, "सुरेखाची बोटं मी मोडली. ती फळीवरून पडली नव्हती. मी खोटं लिहून दिलं, म्हणून सोनवणेबाईंची नोकरी गेली."

मला वाटलं होतं, वर्ग हादरेल. कोणी हललं नाही. शेवटी मागच्या बाकावरून एक मुलगी अगदी समजूत काढल्यासारखी म्हणाली, "बाई, आम्हाला माहितीये. आम्ही इथंच होतो की."

इथंच होते. शाळा उघडल्यापासून रोज सकाळी ही चोपन्न मुलं उभी राहून मला 'नमस्ते बाई' म्हणत होती, आणि त्यांतल्या प्रत्येकाला मी काय आहे ते ठाऊक होतं.

मी सुरेखाच्या बाकाशी गेले. ती खाली बघत होती. तिच्या डोक्यावरून हात फिरवावा म्हणून मी हात उचलला, आणि तिने डोकं झटक्यात खाली घातलं, दोन्ही हात बाकाखाली लपवले. शेजारच्या मुलीनेही. पुढच्या बाकावरच्या दोघींनीही, मागे न बघता.

मी उचललेला हात तसाच खाली आणला. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी वर्गात कधी न सांगता हात वर केला नाही. फळ्यावर लिहायचं असलं तरी आधी म्हणत असे, "पोरांनो, हात वर करते आहे हं, लिहायला." नवीन मुलं हसत. त्या वर्गातली मुलं मात्र दहावी संपेपर्यंत हसली नाहीत. मी लिहू लागेपर्यंत ती माझ्या हाताकडे बघत राहत.