आधी दार, मग नारळ

आमच्या मालवणाकडे भाड्याचं घर ताब्यात घेताना कागद कोणी करत नसे, गाऱ्हाणं घालत. घरमालक उंबऱ्यावर नारळ ठेवायचा, जागेच्या राखणदाराला हाक मारायचा आणि घर कुठल्या स्थितीत दिलंय ते मोठ्यानं सांगायचा. जमलेल्यांनी प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणायचं. एकदा व्हय म्हटलं की ते देवासमोर कबूल. म्हणून जाणती माणसं नारळ ठेवण्याआधी घरभर फिरत आणि मोडकंतोडकं काय ते मालकाला गाऱ्हाण्यातच बोलायला लावत.

माझे यजमान शाळामास्तर. मीही त्यांना मास्तरच म्हणायचे. जाणते होते, पण भिडस्त. साठ साल उजाडायच्या थोडं आधी त्यांची बदली मालवणात झाली आणि आम्ही बैलगाडीभर सामान घेऊन भाड्याच्या घराशी येऊन उभे राहिलो. मालक आबा शेजारीच राहायचे. त्यांचं गाऱ्हाणं गावात नावाजलेलं. आवाज असा की किनाऱ्यावर जाळं ओढणाऱ्या रापणकरांनीही हात जोडावेत.

ते नारळाची शेंडी नीट करत होते तेवढ्यात मी मागचं दार बघून आले. खालच्या फळीवर ताजं डांबर फासलेलं. अंगठा दाबला तर सरळ आत गेला. आत नुसती वाळवी. मी धावत पुढे आले, तर आबा सुरू झालेले.

"छप्पर धड, रहाट धड, दारां धड. जसा घर दिलंय, तसा मास्तर परत दितले."

"व्हय म्हाराजा," मास्तर डोळे मिटून म्हणाले. मी त्यांच्या दंडाला चिमटा काढला. ते आणखी मोठ्यानं म्हणाले.

संध्याकाळी मी म्हटलं, आजच्या आज जाऊन सांगा. मास्तरांचं म्हणणं, पहिल्याच दिवशी म्हाताऱ्या माणसाला खोटं कसं पाडायचं, उद्या सांगू. मग आबांच्या घरून बांगड्याचं तिखलं आलं, मग आंबे आले, आणि तो उद्या कायमचाच लांबला. भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगीच नाही.

दोन वर्षांनी बांद्याला बदली झाली. गाडी भरून झाल्यावर आबा घर बघायला आले. मागच्या दाराला त्यांनी पायाचा अंगठा लावला आणि फळी खाली आली. मास्तर तेव्हा वाळवीची हकिकत सांगू लागले. वरातीमागून घोडं! आबांनी गाडीतल्या सामानावरचा माझा आडाळा उचलला.

"मास्तरांनू, राखणदारासमोर व्हय म्हटलास मां? मगे आता दार करून दिया नि आडाळो घेवन जावा."

आडाळा म्हणजे आमची नारळ खवायची विळी. माझा आईनं दिलेला होता, आणि आई त्याच वर्षी गेली होती. तिच्या हातची तेवढीच वस्तू माझ्याकडे उरली होती. मला रडू येत होतं, पण त्याहून जास्त राग येत होता, अर्धा आबांचा आणि अर्धा मास्तरांचा. मास्तर नवीन दाराला फणसाची फळी कुठे मिळेल ते गाडीवानाला विचारत होते.

घर सोडतानाही नारळ ठेवतात. बाईमाणसानं गाऱ्हाणं घालायची रीत नाही, पण मी पुढे होऊन उंबऱ्यावर नारळ ठेवला, पदर खोचला आणि आबांच्याच चालीवर सुरू केलं. आबांचे हात आपसूक जोडले गेले.

"बा राखणदारा, दोन वर्सां आमका सांभाळलंस."

"व्हय म्हाराजा," निरोपाला जमलेले सगळे म्हणाले.

"मागच्या दाराक वाळवी आमी येवच्या आधीच लागलेली. वर डांबर कोणी फासला, ता तुका ठावक आसा."

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांत मोठा आवाज आबांचा. जन्माची सवय.

मग त्यांना कळलं. गाडीवान बैलांकडे तोंड करून हसत होता. एक मात्र खरं, माणूस देवाला मानणारा होता. त्यांनी आडाळा स्वतः नेऊन गाडीत ठेवला आणि पात्याला फडकं गुंडाळलं, वाटेत मला लागू नये म्हणून. माझा अर्धा राग तिथेच उतरला.

उरलेला अर्धा घेऊन मी बांद्याला पोचले. तिथला मालक उंबऱ्यावर नारळ ठेवून तयार होता. त्यानं राखणदाराला हाक मारली. मास्तरांनी हात जोडले, डोळे मिटले, तोंड उघडलं, आणि मग एक डोळा उघडून त्यांनी माझ्याकडे पाहिलं.