सावरीची दोन पोती

अमेरिकेत लढाई पेटली आणि आमच्या वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचा भाव आला, त्या दिवसांत मी अमरावतीला कापसाची दलाली करत होतो. बापाने मला बैलाची शेपटीही ठेवली नव्हती. जे कमावलं ते जिभेवर.

भाव चढला तशी भेसळ वाढली. कोणी कापसावर पाणी शिंपडी, कोणी मेळघाटातल्या सावरीच्या झाडाचा स्वस्त कापूस गाठीत दाबी. सरकारने तपासनीस नेमले. ते भर बाजारात गाठ फोडत. सावर निघाली की त्या माणसाशी पुन्हा कोणी सौदा करत नसे. माझ्या कोठीत धारणीहून आणलेली सावरीची दोन पोती होती. गाद्यांसाठी. खरंच गाद्यांसाठी.

एका सकाळी मुंबईचा एक माणूस आला. म्हणाला, "आमचा कारखाना जहाजांवरच्या बचावाच्या होड्या बांधतो. आता बुडत्याला तरंगत ठेवणारे कमरपट्टे करायचे आहेत. सावर पाण्यात लवकर भिजत नाही. दरसाल गाड्या भरून हवी."

अमरावतीत बसून समुद्राच्या गप्पा! तरी मी रुमाल पसरून त्याखाली हात पुढे केला. आमच्यात भाव असाच ठरतो, बोटं दाबून, शेजारच्याला कळू न देता. त्याने रुमालाकडे पाहिलं आणि सगळ्यांदेखत मोठ्याने भाव सांगितला. असा व्यापारी मी जन्मात पाहिला नव्हता.

शेजारच्या दलालाने मला बाजूला ओढलं. "भाऊ, काहून फसून राहिला? तपासनीस हाये थो. सावर कोनाच्या घरी हाये, थेच हुंगून राहिला."

माझं डोकं फिरलं. त्या पाहुण्यावर ओरडलो, "सावर? आमच्या सात पिढ्यांनं सावर पायली नाई! निंघ इथून!"

"शेठ, नसेल तर नाही म्हणा. रागावता कशाला?"

"नाईच म्हनून राहिलो! कान फुटले काय तुये?"

तो गेला. त्याच दुपारी मी दोन्ही पोती मागच्या परसात रिकामी केली. वारा सुटला आणि अर्ध्या गल्लीच्या पागोट्यांवर सावर जाऊन बसली.

आठ दिवसांनी त्याच शेजाऱ्याच्या गाड्या सावर भरून अकोल्याच्या स्टेशनाकडे निघाल्या. मी त्याला रस्त्यात अडवलं. "तपासनिसाले माल देऊन राहिला काय रे?"

"मले काय मालूम, भाऊ? मले बी तसंच वाटलं होतं."

तसंच वाटलं होतं म्हणे. मी बोटांवरून माणूस ओळखतो. त्याची बोटं त्या वेळी धोतराच्या सोग्यात लपली होती.

लढाई संपली, कापूस कोसळला, माझी दलाली बसली. त्याची सावर चालूच राहिली. दोन सुतारांवर सुरू झालेला मुंबईचा तो कारखाना मोठा झाला. त्यांनी आपली हकीकत छापली, तीत 'वऱ्हाडातील आमचे विश्वासू व्यापारी' असा एकाचा उल्लेख आहे. तो मी नव्हे.

मागे मुंबईहून येणाऱ्या एकाकडून मी त्यांचा एक पट्टा मागवला. आत शेजाऱ्याने कचरा भरला असणार, याची मला खात्री होती. दगड बांधून तो म्हशीच्या हौदात टाकला आणि सकाळपासून काठावर बसलो.

दुपारी बायको आली. "अवो, काय पाऊन राहिले? म्हशीले पानी पाजाचं हाये."

"थांब. बुडते आता."

ती थांबली नाही. म्हशीने पट्टा तोंडाने बाजूला सारला आणि पाणी प्यायली. पट्टा हेलकावे खात पुन्हा माझ्यासमोर आला. मी त्याहून मोठा दगड शोधायला उठलो.