अमीरबीचं नाक

“पाणी प्यालीस ते कबूल हाय. खाल्लं काय, ते सांग,” अमीरबीने पुन्हा विचारलं.

“काहीच न्हाई, दादी.”

नऊ वर्षांची कशिश मोरीच्या उंबऱ्यावर बसली होती. अंगात नवा हिरवा शरारा. आज तिचा पहिला रोजा. संध्याकाळी रोजाकुशाई, म्हणजे गळ्यात हार, पाहुणे, कौतुक. आणि दुपारची अजान व्हायच्या आतच ती नळाला तोंड लावताना सापडली होती.

“अम्मी, लेकरू हाय, जाऊ द्या,” सून रुखसार म्हणाली.

“लेकरू हाय म्हणून खोटं बोलायचं? तोंड उघड गं.”

कशिशने तोंड उघडलं. अमीरबीने हुंगलं आणि निकाल दिला. “केळ. लई पिकलेलं.”

यावर अपील नव्हतं. नवरा गेल्यावर अमीरबीने उदगीरच्या स्टेशनाबाहेर फळांचा गाडा लावला आणि गाड्याचं दुकान केलं, ते या नाकाच्या जोरावर. खरबूज देठाशी हुंगून ती आतली गोडी सांगायची. अर्धापूरची केळी आली की टेम्पोवाला आधी तिच्या तोंडाकडे बघायचा. आता गल्ल्यावर मुलगा मकसूद बसतो, पण अम्मीने हुंगल्याशिवाय माल उतरत नाही. घरातही तोच कायदा. दूध नासलं, मकसूदने बिडी ओढली, सगळं नाकाला कळायचं. असं नाक असलेल्या घराला डोळ्यांची फारशी गरज पडत नाही.

डोळ्यांना दिसण्यासारखं तर पुष्कळ होतं. महिनाभर कशिश तांब्यामागून तांब्या पाणी पीत होती, तर म्हणे ऊन वाढलंय. शाळेतून बाईंचा निरोप आला, पोरगी सारखी लघवीला जाते, अभ्यास चुकवते. अंथरूण ओलं करायची सवय केव्हाच सुटली होती, ती परत आली. आळस, असं ठरलं आणि रुखसारने एक धपाटा घातला. खात होती दुप्पट आणि वाळत होती, तर म्हणे उंची धरतेय. सलवारीची नाडी आवळून आवळून संपली, तेव्हा अमीरबीने मिरच्या ओवाळून नजर काढली. मोरीत मुंग्यांची रांग लागली. फळवाल्याच्या घरी मुंग्या येणार नाहीत तर काय हत्ती येणार? वरून फिनेल ओतलं. मुंग्यांना कळायचं ते कळलं होतं, पण त्यांना कोण विचारतं.

कशिश उंबऱ्यावरून उठायला गेली आणि तिथेच ओकली.

“बघा आता केळ,” असं म्हणून अमीरबी स्वतःच वाकली. नुसतं पाणी. केळाचा कणही नव्हता.

तिने पोरीचं तोंड जवळ ओढलं. वास तोच, उलट वाढलेला. श्वास खोल आणि भराभर चाललेला, जशी काही पोरगी स्टेशनापासून पळत आली होती.

“दादी, पोटात दुखतंय,” म्हणत ती मांडीवर कलंडली. वास खरा होता. फळ नव्हतं.

चौकातल्या डॉक्टरांनी कशिशच्या बोटातून थेंबभर रक्त घेतलं. मशीनने आकडा दाखवलाच नाही. त्याला मोजता येणार नाही इतकी साखर होती.

“टाइप वन डायबिटीस,” डॉक्टर म्हणाले. “शरीरानं इन्सुलिन बनवणं बंद केलंय. साखर रक्तातच पडून राहते, कामी येत नाही, लघवीतून वाहून जाते. मग शरीर स्वतःची चरबी जाळतं, रक्तात आम्ल साठतं. त्याचा हा वास. आत्ताच्या आत्ता लातूरला न्या, वाटेत थांबू नका.”

“साखरेची बीमारी म्हाताऱ्यांना होते ना?” मकसूद म्हणाला. “आमी तर तिला गोड लई देत बी न्हाई.”

“गोड खाण्याशी याचा संबंध नाही. तहान, सारखी लघवी, अंथरूण ओलं होणं, वाळणं, यातलं काहीच दिसलं नाही तुम्हाला?”

“समदं दिसलं,” अमीरबी म्हणाली. “समद्याला आमच्याकडं कारण होतं.”

संध्याकाळी पाहुणे हार घेऊन आले तेव्हा दाराला कुलूप होतं. लातूरच्या दवाखान्याच्या व्हरांड्यातच रोजा सोडायची वेळ झाली. अमीरबीने खजूर तोंडात टाकला. कुठला होता, ते तिला सांगता आलं नसतं.

कशिश वाचली. घरी पाठवताना लातूरच्या डॉक्टरांनी बजावलं, इन्सुलिनची सुई रोज, जन्मभर. थांबवली की तोच वास परत येईल, आणि त्या वेळी पोर लातूरपर्यंत पोचेलच असं नाही.

ईद झाली. एका रात्री जेवायच्या वेळी मकसूदने खिशातून पुडी काढली.

“हिमायतनगरचा माणूस हाय, जडीबुटी देतो. आठवडाभर सुई बंद ठेवून ही द्यायची. बीमारी मुळासकट जाते म्हणे.”

“म्हणे!” रुखसार म्हणाली. तिच्या हातात भरलेलं इंजेक्शन होतं.

“पोरीची जात हाय. जन्मभर सुया म्हटल्यावर उद्या कोण पत्करंल?” त्याने पुडी आईपुढे धरली. “अम्मी, तुमीच हुंगून सांगा, असली हाय का न्हाई.”

अमीरबीने पुडी घेतली, न उघडता मोरीत टाकली आणि वरून बादलीभर पाणी ओतलं.

“सुई बंद व्हायची न्हाई,” ती म्हणाली. “कुणापासून लपवायची बी न्हाई. पुढच्या रमजानला रोजा धरायचा का, ते डॉक्टर सांगंल. माझं नाक आजपासून फक्त दुकानात. रुखसार, टोच तिला, मग ताटं वाढ.”